बालेमाच्या कातळावरचे सोने

बालेमा नदीला आता वर्षातले बरेच महिने पाणी नसते. रुंद, पिवळसर वाळूचे पात्र, त्यात बकऱ्यांनी पाडलेल्या वाटा, आणि उत्तरेच्या काठावर एक काळा सपाट कातळ. एखाद्या मोठ्या घराचे अंगण मावेल एवढा तो आहे. कातळापासून थोडे मागे बुटक्या दगडांची लांब रांग आहे. प्रत्येक दगड माणसाला बसता येईल एवढाच. रांगेच्या पलीकडे काटेरी झुडपांत मातीचे उंचवटे दिसतात. कोणी सांगितले नाही तर ती वारुळे वाटावीत. ती तांगारा नगराच्या भिंतींची उरलेली माती आहे.

लांबून पाहुणे आले की गावातले देंबा आजोबा त्यांना इथे आणतात आणि या दगडांवर बसवतात. तेही नदीकडे पाठ करून.

"आजोबा, नदी बघायला आलो आणि नदीकडेच पाठ?" एकदा एका बाईंनी विचारले.

"नदीला सवय आहे," देंबा म्हणाले. "इथे सगळे असेच बसायचे."

"मग फोटो कशाचा काढायचा?"

"माझा काढा. नदी आटली, मी अजून आहे."

पाहुणे हसले आणि नीट बसले. मग देंबांनी काठी आडवी ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.

फार पूर्वी या काठावर तांगाराचे राज्य होते. त्याचे उंट उत्तरेच्या वाळवंटापर्यंत जात आणि त्याचे नाव समुद्रापर्यंत, असे सांगतात. पण तांगाराजवळ स्वतःचे असे काहीच नव्हते. मीठ वाळवंटातून येई. सोने नदीपलीकडच्या जंगलातून येई. तांगारा मधे बसलेले. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे करता करता त्याच्या भिंती उंच झाल्या. पानात वाढणाऱ्याच्या हाताला थोडे लागतेच.

सोन्याच्या माणसांना कोणी कधी पाहिले नव्हते. त्यांना 'पलीकडचे' म्हणत. बाजार या कातळावर भरे आणि त्यात एक शब्दही बोलला जात नसे. मिठाचे तांडे आले की प्रत्येक व्यापारी कातळावर आपला ढीग मांडी. मग नगारा वाजे. तो वाजला की सगळ्यांनी मागे येऊन या दगडांवर बसायचे, नदीकडे पाठ करून. पलीकडचे नदी ओलांडून येत, मीठ पाहत, प्रत्येक ढिगाशेजारी त्यांना योग्य वाटेल तेवढे सोने ठेवत, लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटत आणि निघून जात. तो आवाज आला की इकडचे वळत. सोने पटले तर उचलायचे, मग मीठ त्यांचे, आणि ते नेईपर्यंत पुन्हा पाठ करायची. नाही पटले तर तसेच ठेवून पुन्हा पाठ करून बसायचे. त्यांना वाटले तर ते भर घालत, नाही तर आपले सोने घेऊन जात. कोणी कोणाला फसवत नसे. फसवायला आधी बोलावे लागते, असे आमच्याकडे म्हणतात.

पलीकडच्यांविषयी नगरात नाही नाही ते बोलले जाई. कोणी म्हणे त्यांचे पाय उलटे असतात, कोणी म्हणे त्यांना शेपट्या आहेत.

या बाजारात एकच गोष्ट शब्दासारखी होती. ती म्हणजे नगारा. तो वाजवण्याचा मान एका घराकडे होता आणि त्या काळी तो सिरा नावाच्या बाईकडे आला होता. नगारा वाजवण्याआधी सिरा प्रत्येक ढिगातली चिमूट जिभेवर ठेवी. मीठ चोख असेल तरच नगारा वाजे. पलीकडचे आपल्या काठावर बसून तो ऐकत. नगारा वाजला म्हणजे मीठ खरे, एवढेच त्यांना तांगाराविषयी माहीत होते, आणि तेवढे पुरत होते.

"सिरामावशी, तू त्यांच्या सगळ्यांत जवळ असतेस," व्यापारी तिला चिडवत. "आज तरी सांग, शेपट्या असतात ना?"

"असतात," सिरा म्हणे. "पण तुमच्या जिभांएवढ्या लांब नसतात."

सिराला आईवडील नव्हते, मूल नव्हते. एक धाकटा भाऊ होता, तुमाने. तिनेच त्याला वाढवलेला. मोठा झाल्यावर तो राजाच्या तांड्याचा म्होरक्या झाला. राजाचे नाव यारेसी. एका वर्षी यारेसीने वाड्याला नवा दरवाजा करवून घेतला आणि तो सोन्याच्या पत्र्याने मढवायचे ठरवले. लाकूड आले, सुतार आले, दरवाजा उभा राहिला. पत्रा मात्र यायचा होता, कारण सोने यायचे होते.

त्याच वर्षी तुमानेचा तांडा वाळवंटात वादळात सापडला. बरेच उंट गेले, मिठाच्या लाद्या फुटल्या, निम्म्याहून अधिक मीठ वाळवंटातच राहिले. जे आले ते चुरा होऊन आले. इतर तांड्यांचीही तीच गत होती. राजाच्या कारभाऱ्याने तो सगळा चुरा आपल्या ताब्यात घेतला आणि दोन दिवसांनी व्यापाऱ्यांना परत दिला. ढीग पुन्हा दर वर्षीएवढे मोठे दिसू लागले होते. व्यापाऱ्यांनी ते पाहिले आणि कोणी काही विचारले नाही.

बाजाराच्या दिवशी सिराने पहिली चिमूट जिभेवर ठेवली. दाताखाली कचकच झाली. तिने दुसरा ढीग चाखला, तिसरा चाखला. मग तिने नगाऱ्याची टिपरी खाली ठेवली.

राजा स्वतः कातळावर आला होता. "वाजव," तो म्हणाला.

"महाराज, मिठात वाळू आहे."

"वाळवंटातून आलेल्या मिठात वाळू नसेल तर काय खडीसाखर असेल?" कारभारी म्हणाला. काही जण हसले.

"वादळाची वाळू असती तर वरवर असती," सिरा म्हणाली. "ही कालवलेली आहे."

राजाने आवाज चढवला नाही. त्याने फक्त मागे बोट दाखवले. तिथे तुमाने उभा होता. त्याचे हात पाठीमागे बांधलेले होते.

"माझे उंट मेले," राजा म्हणाला. "मीठ पुरलं, तर ते वादळानं मारले असं मी समजेन. नाही पुरलं, तर ते तुझ्या भावानं मारले. आणि उंट मारणाऱ्याला काय करतात ते तुला ठाऊक आहे."

तांगारात अशा माणसाला हातपाय बांधून वाळवंटात सोडून येत. सिराने भावाकडे पाहिले. तुमाने मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता, लहानपणी काही फोडले की उकरायचा तशी.

सिराने टिपरी उचलली आणि नगारा वाजवला.

त्या दिवशी पलीकडच्यांनी दर वर्षीएवढेच सोने ठेवले. तुमानेचे हात सुटले. दरवाजा मढवला गेला, आणि ऊन पडले की तो नदीवरूनही दिसे, असे सांगतात. फक्त सिरा त्या दरवाजातून कधी गेली नाही. तिला बोलावणे आले की ती मागच्या बाजूने जाई.

पुढच्या वर्षी वादळ झाले नाही. मीठ भरपूर आले, लाद्याच्या लाद्या, शुभ्र. सिराने प्रत्येक ढीग चाखला, समाधानाने नगारा वाजवला आणि सगळे पाठ करून बसले. मागे पावले वाजली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली. मग पट्ट्यांचा आवाज आला आणि लोक वळले.

मिठाला कोणी हात लावला नव्हता. प्रत्येक ढिगाशेजारी सोन्याच्या जागी वाळूची एकेक लहानशी रास होती. पांढरी, धुतलेली, उन्हात वाळवलेली. गेल्या वर्षीचे मीठ त्यांनी पाण्यात विरघळवले होते, गाळले होते, तळाची वाळू वेगळी काढून वर्षभर जपून ठेवली होती. आता ज्याची त्याला परत केली होती.

"निदान मीठ तरी परत द्यायचं," एक व्यापारी म्हणाला. कोणी हसले नाही.

तांगारावर मोठमोठी संकटे येऊन गेली होती. भांडण आले तर सैन्य होते, दुष्काळ आला तर कोठारे होती. पण माफी मागायची वेळ कधी आली नव्हती, आणि आली तेव्हा लोकांच्या लक्षात आले की ती मागायची कशी हेच आपल्याला माहीत नाही. पलीकडच्यांची भाषा कोणाला येत नव्हती. राजाने नदीपार माणसे पाठवली. त्यांनी जंगलाच्या तोंडाशी उभे राहून मोठमोठ्याने क्षमा मागितली. जंगलाने ती ऐकून घेतली. मग राजाने दुप्पट मीठ मांडायला लावले. ते तसेच पडून राहिले आणि त्यावर रानटी हरणे जिभा फिरवून गेली. सिरा नगारा वाजवून वाजवून थकली. पण नगाऱ्याला एकच बोलता येत होते, की हे खरे आहे. मागे मी खोटे बोलले होते, हे त्याला सांगता येत नव्हते.

उत्तरेचे व्यापारी सोन्याविना परत जाऊ लागले. नगरात चुली थंड पडू लागल्या. तेव्हा सिरा राजाकडे गेली.

"खोट मिठात होती, तशी नगाऱ्यातही होती," ती म्हणाली. "त्यांनी वाळू परत केली. आता आपण नगारा मांडू. आणि तो वाजवणारीलाही."

राजाने थोडा विचार केला. "मांड," तो म्हणाला. "नाही तरी दोघं बसूनच आहात."

त्या सकाळी तुमाने तिच्याबरोबर कातळापर्यंत आला. नगारा त्यानेच डोक्यावरून आणला होता.

"ताई, त्यांनी तुला मारलं तर?"

"मारायचं असतं तर वर्षभर वाळू जपत बसले नसते."

"मग काय करतील?"

"बाजारात करतात तेच. किंमत ठेवतील. तांगारा आपला शब्द विकतं का, हे त्यांना बघायचं असणार. मी तुझ्या घरची, म्हणजे किंमत उचलायचा हक्क तुझा एकट्याचा. तू उचलू नकोस. ती तशीच राहिली की त्यांना कळेल. मग ते पुन्हा मीठ घेतील."

"आणि पुष्कळ ठेवलं तर?"

"तर पुष्कळ राहू दे. हात मागे घेऊन उभं राहायचं. तुला सवय आहे."

तुमाने हसला आणि त्याने तिला वचन दिले.

सिराने नगारा वाजवला. लोक दगडांवर पाठ करून बसले. ती कातळाच्या मध्यावर बसली, नदीकडे पाठ करून, नगारा मांडीशी घेऊन. तिच्यासमोर सगळ्या नगराच्या पाठी होत्या.

थोड्या वेळाने पाण्यात पावले वाजली. ती कातळावर आली, ओली, अनवाणी. ती उलटी नव्हती, सरळ वाजत होती. कोणीतरी खोकले. एक लहान मूल काहीतरी विचारायला लागले आणि त्याला कोणी गप्प केले. एका म्हातारीचे गुडघे वाकताना कडकड वाजले आणि ती स्वतःशीच कुरकुरली. सिराला शब्द कळले नाहीत, पण कुरकुर कळली. तिला हसू आले. इतकी वर्षे ज्यांच्यासाठी ती चिमूट चिमूट चाखत आली, ती माणसे हातभर अंतरावर होती. मान थोडी वळवली असती तरी दिसली असती. तिने वळवली नाही. कोणीतरी तिच्या केसांत अडकलेली काडी हलकेच काढली. मग तिच्या दोन्ही बाजूंना काहीतरी जड ठेवले जाऊ लागले, आणि बराच वेळ ठेवले जात राहिले. शेवटी पट्ट्या वाजल्या.

लोक वळले आणि जागच्या जागी थांबले. सिराच्या उजवीकडे आणि डावीकडे तिच्या खांद्यांपर्यंत सोने होते. एवढे सोने एका जागी तांगारातल्या कोणी पाहिले नव्हते. राजानेही नाही.

"उचल," राजा म्हणाला.

तुमाने पुढे गेला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"तुमाने, उचल बाबा," एक व्यापारी म्हणाला. "घरात पोरं उपाशी आहेत."

"आणि तिला काय होणार आहे?" दुसरा म्हणाला. "एवढं सोनं देऊन नेणारे तिला उपाशी ठेवतील का? इथल्यापेक्षा बरी राहील."

"तिनं स्वतःच मांडलं ना स्वतःला? आपण का पाप घ्यायचं?" तिसरा म्हणाला.

राजाला आता बोलायची गरजच नव्हती.

तुमानेने बहिणीकडे पाहिले. सिरा त्याच्याकडे बघत होती. कातळावर मांडलेल्या मालाने बोलायचे नसते, म्हणून ती बोलली नाही. तो कितीतरी वेळ तसाच उभा होता, असे सांगतात. या वेळी त्याचे हात कोणी बांधलेले नव्हते. मग ते पुढे आले. त्याने सोन्याचा एकच खडा उचलला. पण त्या बाजारात एक उचलला म्हणजे सगळे उचलले.

सिरा उठली. तिने नगारा खांद्याला लावला आणि पाण्यात उतरली. रीतीप्रमाणे लोकांनी पाठ करायची होती. त्या दिवशी ते कोणाला सांगावे लागले नाही.

देंबा इथे थांबले. बाईंनी विचारले, "मग ते परत कधीच आले नाहीत?"

"कशाला येतील? त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं."

पुढच्या वर्षी कातळावर मीठ मांडले गेले, पण ते मीठ खरे आहे असे सांगणारा नगारा या काठावर नव्हता. मिठाच्या तांड्यांनी वाटेत ऐकले की तांगाराने आपली नगारावाली विकली. मग, म्हणे, एका तांड्याला नदीच्या खालच्या अंगाला, बऱ्याच दूर, तोच नगारा ऐकू आला. तांडा तिकडे वळला. त्याच्यामागून दुसरा गेला. ज्या विहिरींवर उंट थांबेनासे झाले त्या वाळूने भरल्या, आणि विहिरी भरल्यावर वाट मोडली. तांगाराला कोणी वेढा घातला नाही, आग लावली नाही. कातळावरचे सोने खाऊन नगर काही वर्षे जगले. मग दरवाजाचा पत्रा उतरवून विकला. मग लाकूड.

"आमच्या पुस्तकात वेगळंच आहे," पाहुण्यांतला एक जण म्हणाला. "पाऊस कमी झाला, झाडं तुटली, व्यापाराचे मार्ग बदलले, म्हणून ही राज्यं लयाला गेली."

"तेही खरं असेल," देंबा म्हणाले. "मार्ग बदलले हे आम्हीही सांगतो. का बदलले, तेवढं आम्ही जास्त सांगतो."

"आणि तुमाने?"

"तो इथेच राहिला. त्यानं लग्न केलं, त्याला मुलं झाली. सिरा पलीकडे गेली, राजाचं घर कुठे गेलं कोणाला माहीत नाही. या गावातली घरं आहेत ती सगळी तुमानेची."

आजही या गावात कोणतीही वस्तू घ्यायची असेल, मग ती कोंबडी असो की घोंगडी, विकणारा पहिली किंमत उचलत नाही. पुरेशी असली तरी हाताने एकदा मागे सारतो. परगावच्यांना वाटते घासाघीस चालली आहे.

आणि आजही गावातले प्रत्येक लग्न या कातळावर लागते. नवरी कातळाच्या मध्यावर नदीकडे पाठ करून बसते. नवऱ्याची माणसे कोरड्या पात्रातून चालत येतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना भेटी ठेवतात. कापड, भांडी, जे जमेल ते. सगळे गाव वळून बघते. मग नवरीच्या भावाला पुढे यावे लागते.

"हात मागे, हात मागे!" म्हाताऱ्या दगडांवरून ओरडतात. "तुझ्या खापरपणजोबाला जमलं नाही, बघू तुला जमतं का!"

भाऊ हात मागे घेतो. मोठ्या भेटी असल्या तर मुद्दाम जास्त वेळ उभा राहतो. मग तीन शब्द म्हणतो, "ही विकायची नाही," आणि वळून आपल्या दगडावर जाऊन बसतो. भेटी तिथेच राहतात. त्या नवऱ्याच्या माणसांनी आल्या तशा परत न्यायच्या असतात.

त्यानंतर थोडा वेळ कोणी काही करत नाही. नवरीला कोणी हाताला धरून उठवत नाही, कोणी बोलावतही नाही. तिच्या मनात असेल तेव्हा ती स्वतः उठते, काठ उतरते आणि पात्रातून पलीकडे चालत जाते. गाव तिच्याकडे पाठ करत नाही. ती दिसेनाशी होईपर्यंत सगळे बघत उभे राहतात.